राजकीय पुस्तक सगळ्यांपर्यंत न्यायचंय: क्लब बरा की स्वस्त पेपरबॅक?

ब्रिटनमध्ये हे दोन्ही प्रयोग झालेत. १९३६ साली प्रकाशक व्हिक्टर गोलान्झने लेफ्ट बुक क्लब काढला, मेंबरला दर महिन्याला कमी दरात एक पुस्तक आणि जोडीला गावोगावी चर्चेचे ग्रुप. ५० हजारांवर मेंबर झाले, पुस्तकं नुसती विकली नाहीत तर वाचली गेली, त्यावर वाद झाले, हे मला फार मोलाचं वाटतं. पण आत आले ते बहुतेक आधीच डावीकडे झुकलेले.

१९३७ ला पेंग्विन प्रकाशनाने सुरू केलेल्या ‘पेंग्विन स्पेशल’ या पेपरबॅक मालिकेतलं पुस्तक मात्र सहा पेन्सला, ताज्या विषयावर झटपट लिहून घेतलेलं, मेंबरशिपची भानगडच नाही, कुणीही उचलावं. राजकारणात रस नसलेल्याच्या हातात पुस्तक द्यायचं असेल तर मी डोळे झाकून हीच वाट धरेन, फक्त शेवटच्या पानावर वाचनगटाचा पत्ता नक्की छापेन.