नवऱ्याची शुगर आपल्या फोनवर बघायची की त्यालाच विचारायचं?

टाईप वन डायबेटिस असलेल्या माणसाबरोबर राहिलं की हे लवकरच कळतं, शुगर ७० च्या खाली घसरायला लागली की समोरचा माणूसच बदलतो. मेंदूला ग्लुकोज कमी पडतं, अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, मग घाम, थरथर आणि जबरदस्त चिडचिड, आणि कधीकधी त्याला स्वतःला यातलं काहीच जाणवत नाही. अशा वेळी त्याच्या अंगावर लावलेल्या, शुगर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे आपल्याही फोनवर घ्यायचे (डेक्सकॉम, लिब्रे या दोन्ही सेन्सरमध्ये ती सोय आहे) की गरज वाटली तर तोंडानेच विचारायचं? आम्ही दोन्ही करून बघितलंय.

विचारण्यात चांगलं हे की त्याचा आजार त्याच्याच ताब्यात राहतो. पण भांडणाच्या मधेच "शुगर बघ जरा" म्हटलं की त्याला ऐकू येतं, तुझ्या रागाला काही अर्थ नाही. मी हे कितीतरी वेळा केलंय आणि बऱ्याचदा त्याचा राग अगदी बरोबर होता, चूक माझी होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि शुगर खरंच लो, म्हणजे ७० च्या खाली, असेल तर उत्तर ठरलेलं, "मी ठीक आहे."

फोनवर आकडा असला की विचारावंच लागत नाही. ५८ आणि बाण खाली, तर ग्लुकोजच्या गोळ्या हातात द्यायच्या, १५ ग्रॅम, १५ मिनिटांनी परत बघायचं, वाद नंतर. आणि नंतर म्हणजे खरंच नंतर, कारण आकडा वर आला तरी मूड जागेवर यायला अजून वेळ लागतो. पण १२० दिसले तर मला मान्य करावं लागतं की भांडण खरं आहे आणि ऐकून घ्यायला हवं. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच.

तोटे आहेतच. सेन्सर रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे शुगर भराभर पडत असेल तर आकडा फसवतो, रात्री सेन्सरवरच झोपलं तर खोटा लो दाखवतो, म्हणून शंका आली की बोट टोचून बघायचं. आणि मला आकडे बघायची सवयच लागली, तो कामावर असताना "२४० का?" असे मेसेज, शेवटी तो म्हणाला की दिवसभराचा हिशोब द्यायचाय का मी तुला. शुगर हाय, म्हणजे जास्त, असताना तो चिडका आणि सुस्त असतो, पण इन्सुलिन घेतल्यावरही उतरायला तास दोन तास जातात, माझ्या मेसेजने ते लवकर होत नाही. (२५० च्या वर टिकून राहिली तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारी आम्लं) तपासायचे, उलट्या असतील तर लगेच डॉक्टर.)

बरीच वर्षं झाल्यावर काहींना लोची लक्षणं जाणवेनाशी होतात, तुमच्याकडे तसं असेल किंवा रात्री लो होत असेल तर फोनवर घ्याच, आणि ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं आणीबाणीचं औषध) कसं द्यायचं तेही शिकून ठेवा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. ज्याला लो लवकर कळतं आणि आपल्यावर नजर नको वाटते, त्याला विचारणंच बरं, फक्त काय शब्द वापरायचा ते शुगर नीट असताना दोघांनी ठरवा. आमच्याकडे आता माझ्या फोनवर फक्त लोचा अलार्म आहे, हायचा बंद, ग्राफ मी उघडत नाही, आणि अलार्म वाजला की मी एवढंच म्हणते, "गोळी?"