बार हवा की बँड? खान्देशातल्या शनिवार संध्याकाळचा हिशोब

जळगाव, धुळे किंवा शिरपूरला शिकायला आलेली पुण्या-मुंबईकडची पोरं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच विचारतात, "इथे शनिवारी बसायला चांगली जागा कुठली? लाइव्ह बँड वगैरे?" बसायला जागा भरपूर आहेत आणि वाजवणारेही भरपूर आहेत. दोन्ही एकाच छपराखाली मागितलंत तर मात्र पंचाईत. टेबलावर ग्लास आणि समोर गिटारवाला, असं ठिकाण इथे शोधत फिराल तर सेमिस्टर संपेल. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: आज बसायचंय की ऐकायचंय? दोन्हींचा खर्च वेगळा, सोबती वेगळे आणि परतीची वेळही वेगळी.

बसायचं असेल तर

इथला बार म्हणजे परमिट रूम. पुढे हॉल, मागे पत्र्याच्या शेडखाली 'गार्डन', बाजूला 'फॅमिली'ची पाटी लावलेली एसी खोली. लाइट मंद, टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच आणि स्पीकरवर नव्वदच्या दशकातली दर्दभरी हिंदी गाणी. बसल्याबसल्या वेटर चकण्याची वाटी सरकवतो, क्वार्टर आणली की सील तुम्हाला दाखवूनच फोडतो. शेजारच्या टेबलावरचं बोलणं कपाशीच्या भावाचं, नाहीतर रावेरहून निघालेल्या केळीच्या गाडीचं. तुमच्या वयाचं कोणी क्वचितच दिसेल, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५. पदवीची बहुतेक वर्षं एकविशीच्या आतच सरतात. म्हणजे कायद्याने पाहिलं तर बार हा पर्याय एम.एस्सी.वाल्यांपासून पुढे सुरू होतो, आणि तोही बिअरपुरता. शिवाय पिणाऱ्याला स्वतःचा परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांत, कायमचा १००० रुपयांत. तो कोणी मागत नाही म्हणून तो लागत नाही, असं नाही.

मग या परमिट रूममध्ये गाणारे का नसतात? एक तर कार्यक्रम करायचा म्हणजे पोलिसांची वेगळी परवानगी आली. दुसरं कारण जास्त खरं. डान्सबारवर २००५ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, २०१६ मध्ये सरकारने नवा कायदा आणला आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. इतका धुरळा उडाल्यावर जिल्ह्याच्या गावात कोणी मालक बारमध्ये माइक आणि गायिका आणून बसवायला धजत नाही. बसवलीच, तर सकाळपर्यंत गावभर वेगळीच चर्चा. खाली हॉटेल आणि वर घर असलेला माणूस ही जोखीम घेत नाही, आणि मला त्याचं चुकतं असं वाटत नाही.

गावांत फरक आहे. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या फुलीवरचं गाव, त्यामुळे बसायच्या जागाही महामार्गाच्या कडेने पसरलेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही असा निकाल आला, तेव्हा पुढच्या एप्रिलपासून बऱ्याच ठिकाणी शटर खाली होतं. नंतर शहरांच्या हद्दीतल्यांना सवलत मिळाली. जळगाव जास्त पसरट. तिथे रिंगरोड-महाबळकडची एसी ठिकाणं मुलामुलींच्या घोळक्याला जरा सोयीची. शिरपूर छोटं. तिथे शेजारच्या टेबलावर तुमचे प्रॅक्टिकलचे सर निघण्याची शक्यता धरूनच बसावं.

आणि ढाबा? शेवभाजीसाठी ढाब्याला पर्याय नाही. जाड तिखट शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री, सोबत भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा. पण "ढाब्यावर चालतं रे भो" म्हणत कोणी पिशवीतून बाटली काढली, तर उठून दुसऱ्या बाजेवर जा. परवाना नसलेल्या ढाब्यावर उत्पादन शुल्क खात्याची धाड पडली की दारूबंदी कायद्याचं कलम ६८ मालकाला लागतं आणि ८४ तिथे पिणाऱ्यांना. कोर्टाची तारीख पडते, दंड होतो आणि घरी फोन जातो. परमिट रूममधली महाग क्वार्टर त्यापुढे स्वस्तच. महागही बरीच झाली आहे. विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क जून २०२५ मध्ये वाढवलं, त्याची झळ हॉस्टेलच्या खिशाला चांगलीच लागते.

ऐकायचं असेल तर

इथे मात्र निवड करायला खरंच वाव आहे. कॅफेचं आधी उरकून टाकतो. जळगावात काही कॅफे शनिवार-रविवारी एखाद्या गिटारवाल्याला बसवतात, कुठे कराओके असतं. कोल्ड कॉफी बरी असते. गाणी तीच दहा-बारा, रिल्सवर ऐकलेली. मैत्रिणीचा वाढदिवस असेल तर जा.

तुमच्या वयाचे खरे वाजवणारे युवारंगला भेटतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा हा युवक महोत्सव. विद्यापीठ १९९० चं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीनही जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याखाली येतात. त्यामुळे फैजपूरचा तबलेवाला, तळोद्याचा पावरी वाजवणारा आणि जळगावचा इलेक्ट्रिक गिटारवाला एकाच मांडवात येतात. समूहगीत, पाश्चात्त्य गायन, लोकवाद्यवृंद असे प्रकार असतात. स्पर्धेपेक्षा स्टेजमागे थांबा. नंबर यायच्या आधी पोरं ओसरीत बसून जे वाजवतात, ते स्टेजवरच्यापेक्षा सैल आणि म्हणून चांगलं असतं. स्वतःचा बँड काढायचा असेल तर ड्रमर तिथेच सापडेल. नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून सापडणार नाही.

बसून, शांतपणे, तयार गाणं ऐकायचं तर जानेवारीत जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान तो भरवतं. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, एखादं फ्युजन. मुलींसाठी, आई-वडील गावाहून आले असतील त्यांच्यासाठी आणि ज्यांना रात्री वेळेत हॉस्टेलचं गेट गाठायचंय त्यांच्यासाठी यापेक्षा निर्धास्त पर्याय नाही. खटकतं एवढंच की नंतरचे कितीतरी महिने अशा तोलाचं काही सलग होत नाही. मधल्या काळात भाऊंच्या उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर किंवा धुळ्याच्या शाहू नाट्यमंदिरात काय लागलंय यावर नजर ठेवायची.

आता तमाशा. माझं मत आधीच सांगून टाकतो: बाहेरून आलेल्या माणसाने खान्देशात एकच लाइव्ह बँड ऐकायचा ठरवलं, तर तो तमाशाच्या तंबूतला ऐकावा. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. त्यात इथल्या यात्रा येतात: डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची, घोडेबाजारासाठी गाजलेली, चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची. यात्रेत शिरलात की पाळण्यांच्या पलीकडे फडांचे तंबू दिसतात. पुढे ट्रकवर बांधलेलं तिकीटघर, त्यावर भोंगा. मागे दुसरा ट्रक, त्याच्या आडोशाला आरसा टांगून मेकअप चाललेला, आणि त्याच्याही मागे जनरेटर.

आत खाली बसायचं किंवा थोडे जास्त पैसे देऊन खुर्ची घ्यायची. परमिट रूममधल्या एका बिअरच्या पैशात तिकीट निघून वर भजी होतात. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी म्हणजे गाणी-लावण्या, आणि शेवटी वग म्हणजे नाटक, हा जुना क्रम. आता मधल्या रंगबाजीचाच पसारा वाढलाय. ढोलकी-हलगीच्या शेजारी ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि अख्खा ड्रमसेट लागतो, आणि लावणीनंतर लगेच एखादं अहिराणी गाणं पडतं. ते पडलं की तंबू उठतो. टोप्या-रुमाल हवेत जातात, शिट्ट्यांत पहिली ओळ ऐकूच येत नाही. ढोलकीवाल्याकडे बघा. बाई कुठल्या मात्रेवर थांबणार हे तो तिच्या पायाकडे पाहून ओळखतो आणि थाप नेमकी तिथेच पडते. ऑक्टोपॅडवाला अर्धा ठोका मागे राहतो. हा फरक कुठल्याही कॅफेत ऐकायला मिळणार नाही.

तोटेही सांगायला हवेत. प्रेक्षक जवळपास सगळे पुरुष, बरेचसे पिऊन आलेले. मुलींनी जायचं तर मोठ्या घोळक्याने, खुर्च्यांच्या बाजूला आणि शक्य तर गावातल्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर. मोबाइलवर शूटिंग करू नका, फडवाल्यांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. शिवाय रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याने कार्यक्रम कधी लवकर आटोपतो. वर्षातले ठरावीक दिवसच १२ पर्यंत सूट मिळते आणि ते दिवस सरकार ठरवतं. पहाटेपर्यंत रंगणारा वग आता ज्येष्ठांच्या आठवणीतच जास्त.

तमाशाची आणि महोत्सवाची तुलना मुलं नेहमी करतात, "दर्जा कशाचा वरचा?" म्हणून. प्रश्न मला पटत नाही, तरी उत्तर देतो. महोत्सवात चूक लपते, कारण ऐकणारे सभ्य असतात. तंबूत गाणं फसलं की लोक लगेच "बसा खाली" म्हणतात. पाचशे-हजार पेंगुळलेल्या माणसांना जागं ठेवायचं असेल तर वाजवणाऱ्याला वाजवावंच लागतं.

मुलींसाठी सगळ्यात मोकळी रात्र मात्र वेगळीच, कानबाईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते, रात्रभर जागरण आणि गाणी, सोमवारी विसर्जनाची मिरवणूक. पुढे बँड, मागे बायका, सासवा-सुना सगळ्या भर रस्त्यात फुगड्या घालतात, नाचतात. तिकीट नाही, आमंत्रणही लागत नाही. गल्लीत उभं राहिलं तरी कोणीतरी हात धरून ओढतं. रोटांचा प्रसाद मात्र भाऊबंदांतच खायचा असतो, तो हक्काने मागू नका. लग्नसराईतले बँडही रस्त्यावर फुकट ऐकता येतात, पण आता त्यांची जागा डीजेने खाल्लीय. बँडगाडीवरचा ट्रम्पेटवाला दिसला तर थांबून ऐका. दर वर्षी ते कमीच होत चाललेत.

शिरपूर, चोपडा किंवा नंदुरबारला असाल तर होळीच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, रोज वेगळ्या गावी. कंबरेएवढे ढोल, थाळी, पावा, आणि गावागावाची पथकं एकाच मैदानात आपापला ताल धरून. पहिली पाच मिनिटं नुसता कल्लोळ वाटतो, मग एकेक ढोल वेगळा ऐकू यायला लागतो. पुढे अक्कलकुव्याकडची काठीची राजवाडी होळी, जी पहाटे पेटते. तिथे मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरं बांधलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात. हा आदिवासींचा सण आहे, तुमचा कार्यक्रम नव्हे. कॅमेरा विचारून काढा, आणि मोहाच्या दारूच्या चौकशा करत हिंडू नका.

दोन्ही एकत्र हवंच असेल तर

हट्टच असेल तर नाशिकला जा. धुळ्याहून दीडशे-एक किलोमीटर, मित्राची गाडी असेल तर सकाळी निघून जमतं. जळगावहून रात्रीचा मुक्काम धरावा लागतो. वर्षातून एकदा ठीक. इथल्या इथे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे हिवाळ्यातली भरीत पार्टी. कोणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर बामणोदची किंवा आसोद्याची वांगी भाजायची, लाकडाने ठेचायची, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालायचे. कळण्याची भाकरी किंवा पुरी. मंडळींत एखादा ढोलकीवाला आणि अहिराणी गाणी पाठ असलेला एखादा काका असतोच. यजमान कोण आणि कसा, यावर बाकीचं ठरतं.

परतीचं

बारचा मुद्दा सोपा: गावातच आहात, रिक्षा करा, गाडीला हात लावू नका. यात्रेचं आधी ठरवा. सारंगखेड्याला यात्रेच्या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडते, पण तमाशा सुटेपर्यंत त्या थांबत नाहीत. जवळचं स्टेशन दोंडाईचा, आणि डिसेंबरात तापीकाठची थंडी स्वेटरला जुमानत नाही, त्यामुळे शहाद्याला कोणाच्या घरी अंथरूण सांगून ठेवलेलं बरं. अमळनेरला स्टेशन गावातच आहे, सुरत-भुसावळ लाइनवर, जाणं-येणं सोपं. फक्त ती यात्रा वैशाखात येते, आणि तेव्हा तुमच्या परीक्षा चालू असतात.