कॉकटेल की कोन्यूर, या घोळात गळ्यात मारलं जाणारं अर्धवट पिल्लू

कोपरखैरण्यातल्या एका कुटुंबाला शाळकरी मुलीसाठी पहिला पक्षी घ्यायचा होता. कॉकटेल घ्यावा की ग्रीन चीक कोन्यूर (दोन्ही पोपटाच्या कुळातले छोटे परदेशी पक्षी), यावर घरात एकमत होईना. ऑनलाइन जाहिरात दिलेल्या विक्रेत्यालाच त्यांनी हा प्रश्न विचारला आणि तिथेच फसले. विकणाऱ्याकडे जो माल पडून असतो, तोच त्याचा सल्ला असतो. या माणसाकडे कोन्यूरची पिल्लं होती. "कोन्यूर छान बोलतो, अजिबात आवाज नाही, आणि लहान घेतलंत तर तुम्हालाच आई समजेल. दोन-चार दिवस फीड द्या, मग आपोआप दाणे खाईल," असं त्याने सांगितलं. फोटो पाठवला तो पूर्ण पिसं आलेल्या पक्ष्याचा. निम्मे पैसे यूपीआयवर आधीच घेतले, उरलेले वाशी स्टेशनबाहेर खोकं हातात देताना.

खोक्यातलं पिल्लू फोटोतलं नव्हतं. डोक्यावर आणि मानेवर पिसांच्या नळ्या अजून फुटायच्या होत्या, शेपूट जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. म्हणजे वय चार-पाच आठवडे. ग्रीन चीक स्वतःचं स्वतः खायला लागतो आठव्या ते दहाव्या आठवड्यात, कधी त्याहून उशिरा. कॉकटेलचंही साधारण तेच. "दोन-चार दिवस" हे धादांत खोटं होतं. त्या पिल्लाला साधारण महिनाभर दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागणार होतं.

विक्रेता असं का करतो, तर महिनाभराची मेहनत आणि मरतुकीची जोखीम गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलता येते. "लहान घेतलं तरच लळा लागतो" हे वाक्य त्यासाठीच तयार केलेलं आहे. माणसाळलेल्या हातांत वाढलेला, पण स्वतः खाणारा तीन महिन्यांचा पक्षीही तितकाच जीव लावतो.

पुढे घडलं ते असं. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे घरच्यांनी लहान मुलांचं सिरियल कोमट पाण्यात कालवून सिरिंजने दिलं. पक्ष्यांच्या पिल्लांना भरवायच्या खास पातळ खाद्याचं, म्हणजे फॉर्म्युल्याचं, तापमान 39 ते 41 अंश सेल्सिअस लागतं आणि ते थर्मामीटरनेच मोजावं लागतं. बोटाला कोमट लागतं ते पिल्लाला गारच असतं. गार अन्न गळ्याखालच्या पिशवीत तसंच साचतं, आंबतं. उलट 43-44 अंशांच्या पुढे गेलं तर पिशवी आतून भाजते. सिरिंज पक्ष्याच्या डाव्या बाजूने चोचीत घालून उजवीकडे रोखायची असते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लू पहिल्या दिवशी 52 ग्रॅम भरलं, दुसऱ्या दिवशी 49, तिसऱ्या दिवशी 46. वजन दहा टक्क्यांनी उतरलं की वाट बघायची नसते. घरच्यांना हे कोणीच सांगितलं नव्हतं. पिशवी सकाळीही कालच्या अन्नाने टणक होती, चोचीला आंबूस वास येत होता. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत पिल्लू गेलं. विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला होता.

आता मूळ प्रश्न. हा निर्णय पैसे देण्याआधी, विक्रेत्याला न विचारता घरात बसून घ्यायचा असतो. कॉकटेल ऑस्ट्रेलियाचा, 80 ते 100 ग्रॅमचा, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. नर शीळ छान घालतो, बोलणं बेताचं. स्वभाव मऊ, चोच मारली तरी फारशी लागत नाही. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत गळते, त्यामुळे घरात कुणाला दमा असेल तर कॉकटेल नकोच. रात्री दचकून पिंजऱ्यात धडपडतो, म्हणून मंद दिवा ठेवावा लागतो. ग्रीन चीक दक्षिण अमेरिकेतला, 60 ते 80 ग्रॅमचा, खेळकर आणि हट्टी. आयुष्य वीस वर्षांच्या पुढेही जातं. शब्द मोजके आणि अस्पष्ट. चावा मात्र खरा, रक्त येईल असा, आणि लहान मुलाचा हात एकदा चावल्यावर मूल पुन्हा जवळ जात नाही. दमा नसलेल्या घरात पहिला पक्षी म्हणून आम्ही कॉकटेलच सुचवतो. सन कोन्यूरचा विचार घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी तर करूच नये. त्याची किंकाळी बंद खिडकीतूनही शेजाऱ्यांकडे पोचते.

दोघांमधला आणखी एक फरक विक्रेते हमखास लपवतात. साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत कोन्यूर आहे. त्यामुळे 2024 च्या नियमांनुसार पक्षी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकटेल आणि बजी (बजरीगर हा छोटा पोपट) त्या यादीत नाहीत. विक्रेत्याकडे स्वतःच्या पक्ष्यांची नोंदणी नसेल, तर तुमचीही अडते. वरच्या कुटुंबाच्या पावतीवर कोन्यूरऐवजी 'बजी 1 नग' असं लिहिलेलं होतं, ते याचसाठी. आणि बजेट कमी पडतंय म्हटल्यावर "मग मिठू घ्या" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. आपला कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात. ते पाळणं गुन्हा आहे.

पायातली रिंगही बघा. खरी बंद रिंग अखंड असते. पिल्लू एक-दोन आठवड्यांचं असताना, पंजा त्यातून जाईल एवढा असतो तेव्हाच घालता येते. कडेला फट किंवा पक्कडीने दाबल्याच्या खुणा असतील तर ती मागाहून बसवलेली, त्यावर कोरलेल्या जन्मवर्षाला काही अर्थ नाही. दोन महिन्यांचा करडा कॉकटेल दाखवून "नर आहे, गाल बघा" म्हणतात, तेही खोटं. पिल्लं सगळीच मादीसारखी दिसतात, पहिली पिसं झडेपर्यंत डीएनए चाचणीशिवाय सांगता येत नाही. ग्रीन चीकमध्ये तर मोठेपणीही नाही.

पक्षी प्रत्यक्ष बघूनच घ्या आणि निदान अर्धा तास थांबा. तो स्वतः राळा-बाजरी सोलून खातो का, ते बघा. नुसती टोचून टाकणं म्हणजे खाणं नाही, टरफलं खाली पडली पाहिजेत. पंख उघडून बघा, कारण कापलेल्या पिसांमुळे उडता न येणारा पक्षी "टेम" म्हणून खपवतात. छातीचं हाड सुरीसारखं लागत असेल, बूड ओलं असेल, श्वासाबरोबर शेपूट हलत असेल तर घेऊ नका.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा, चॅट आणि यूपीआय क्रमांक डिलीट करू नका. देशी पोपट विकताना दिसले तर वनविभागाची हेल्पलाइन 1926. आणि असं अर्धवट पिल्लू घरात आलंच असेल, तर सिरियल, दूध, वरण-भात काहीही न देता खोकं 25 ते 28 अंशांत उबदार ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या, रात्र जाऊ देऊ नका.