हॉप्सचा ‘घरी लावा’ संच: पैसे बेण्याला द्या, पेटीला नव्हे

हॉप्स म्हणजे ज्याचे फुलांचे शंकू बीअरला कडूपणा आणि सुगंध देतात तो वेल. घरी बीअर बनवणाऱ्यांसाठी तो लावायचे तयार संच बऱ्याच कंपन्या विकतात. पेटीवरचं नाव बदलतं, आतला माल जवळपास तोच असतो: पिशवीबंद मुळाचा एक तुकडा, एक कुंडी किंवा कापडी पिशवी, कोकोपीटची दाबलेली वीट, सुतळीचं बंडल, दोन हुक आणि एक घडीपत्रिका. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या जातीच्या मालाचं आहे. निकाल आधीच सांगायचा तर पेटीत मोलाची वस्तू एकच, ती म्हणजे बेणं. बाकीचं बहुतेक सामान हॉप्सच्या मापाचंच नसतं.

आता बेणं. हॉप्सचं मूळ जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं आणि वरचा वेल दर हंगामात नवा येतो. आल्या-हळदीसारखे त्याचेही जमिनीखाली आडवे धुमारे पळतात आणि त्यांचेच तुकडे करून विकतात. चांगला तुकडा १५ ते २० सेंटिमीटर लांब, निदान पेन्सिलीइतका जाड, कडक आणि आतून पांढरट असतो, आणि त्याला दोन-तीन तरी ठसठशीत डोळे असतात. पिशवीतच पांढरे कोंब फुटले असतील तर बिघडलं काही नाही. दाबल्यावर मऊ लागला, कुबट वास आला किंवा डोळे काळे पडले असतील, तर मात्र लावण्यात वेळ न घालवता परत करावा. लावायला उशीर असेल तर ओलसर कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही.

डोळे बघून ताजेपणा कळतो, आरोग्य कळत नाही. हॉप स्टंट व्हायरॉइड (विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारक) किंवा ॲपल मोझॅक विषाणू बेण्याबरोबरच येतात. व्हायरॉइड लागलेला वेल पहिली काही वर्षं ठणठणीत दिसू शकतो. मग तो खुरटतो, शंकू लहान येतात आणि बीअरला कडूपणा देणारं अल्फा आम्ल घटतं. यावर औषध नाही, झाड उपटणं एवढाच इलाज. छाटणीच्या कात्रीवरून तो शेजारच्या वेलालाही लागतो. म्हणून संचातल्या उघड्या तुकड्यापेक्षा ऊतीसंवर्धनातून आलेलं, विषाणूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलं कुंडीतलं रोप घ्यावं, भले दोन पैसे जास्त पडोत. त्याची मुळं आधीच धरलेली असतात, त्यामुळे पहिल्या हंगामाचा निम्मा धोका तिथेच टळतो.

काही स्वस्त संचांत तुकड्याऐवजी बी असतं. ते घेऊच नये. हॉप्समध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बीअरला लागणारे शंकू मादीलाच येतात आणि बियांतून उगवणारी रोपं साधारण निम्मी नर निघतात. मादी निघाली तरी ती पाकिटावर छापलेल्या वाणाची नसते, कारण बी म्हणजे दर वेळी नवा संकर. शिवाय उगवण्याआधी त्या बियांना काही आठवडे ओलसर थंडीत ठेवावं लागतं, आणि हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. जवळपास नर झाड असेल तर मादीच्या शंकूंत बी धरतं. बीअर बनवणाऱ्याला तेही नकोच असतं.

वाणाचं नाव नीट वाचा. सिट्रा आणि मोझॅक हे मालकी हक्काचे वाण आहेत. त्यांचं बेणं हक्कदार कंपन्या ठरलेल्या शेतकऱ्यांनाच देतात. पेटीवर ‘सिट्रा’ लिहिलं असेल तर आत काय आहे ते विक्रेत्यालाच ठाऊक. ‘मिश्र सुवासिक हॉप्स’ लिहिलेला संचही तसाच, कारण नाव नसलेल्या हॉप्सची पाककृती बसवता येत नाही. फुलझाडांच्या दुकानात मिळणारा पिवळ्या पानांचा ‘ऑरियस’ कुंपणावर सुरेख दिसतो, पण तो शोभेचाच.

पहिल्यांदा लावणाऱ्यासाठी कॅस्केड. १९७२ साली हा वाण खुला झाला. अल्फा आम्ल साधारण ४.५ ते ७ टक्के, वाढ जोमदार, केवडा या रोगाला बऱ्यापैकी दाद न देणारा, आणि चूक पोटात घालणारा. कडूपणासाठी चिनूक किंवा नगेट चांगले. साझचा सुगंध ज्यांना हवा त्यांनी लावावा जरूर, पण उत्पन्न कमी येतं हे धरून चालावं. जागाच कमी असेल तर इंग्लंडच्या वाय कॉलेजात तयार झालेला फर्स्ट गोल्ड हा ठेंगणा वाण बघावा. तो अडीच-तीन मीटरवर थांबतो. संच विकणाऱ्यांनी खरं तर हाच पेटीत घालायला हवा, कारण बाकी सामान त्याच्याच मापाचं असतं.

कुंडी हा संचाचा सगळ्यात कच्चा भाग. दहा-बारा लिटरच्या कुंडीत हॉप्स पहिल्या उन्हाळ्यात जगतात आणि दुसऱ्या वर्षी मुळांच्या गुंत्यात अडकतात. कुंडीतच लावायचं तर ५० लिटरपेक्षा लहान भांडं नको, आणि तळाला भोकं भरपूर हवीत. जमीन असेल तर उत्तमच. हातभर रुंद-खोल खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान. तुकडा आडवा ठेवून डोळे वर करायचे आणि वर ३ ते ५ सेंटिमीटर माती. एकाच वाणाच्या दोन वेलांत मीटरभर अंतर पुरतं. वाण वेगळे असतील तर दीड मीटर ठेवा, नाहीतर धुमारे एकमेकांत शिरतात आणि कुठला शंकू कुणाचा ते कळेनासं होतं. कोकोपीटच्या विटेत अन्नद्रव्यं नसल्यात जमा. ती मातीत मिसळायला ठीक, नुसत्या विटेत बेणं लावू नये.

सुतळी आणि हुक यांच्याकडे बघून वाटतं की पेटी भरणाऱ्याने हॉप्सचा वेल पाहिलेलाच नाही. वेल पाच ते सात मीटर चढतो आणि ऐन जोमात दिवसाला वीतभरही वाढतो. संचातली सुतळी दोन-अडीच मीटरची, आणि ताग पावसात कुजतो. शंकू भरले की पावसाने जड झालेला वेल वाऱ्यात झोके घेतो आणि नेमकी तेव्हाच सुतळी तुटते. पडलेला वेल पुन्हा चढवता येतो, पण पीळ उलगडतो, टोकं मोडतात आणि बाजूच्या फांद्या जातात. नायलॉनची दोरी तुटत नाही, पण गुळगुळीत असल्याने वेलाला पकड मिळत नाही आणि काढणीनंतर वाळलेल्या वेलातून ती सोडवत बसावं लागतं. हॉप्सच्या शेतात काथ्याची दोरी चालते ती उगाच नाही. ती खरखरीत असते, हंगामभर टिकते आणि शेवटी वेलासकट कंपोस्टमध्ये जाते. वर कप्पी लावून दोरी खाली घेता येईल अशी सोय केली तर काढणीला शिडी लागत नाही. उंचीच नसेल तर दोन मीटरवरून वेल आडव्या तारेवर वळवा. उत्पन्न थोडं घटतं, बाकी तक्रार नाही.

कोंब फूट-दीड फुटाचे झाले की प्रत्येक दोरीवर दोन-तीन जोमदार कोंब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचे. उलटे गुंडाळले तर ते स्वतःला सोडवून घेतात. उरलेले कोंब कापून टाकायचे, जिवावर आलं तरी. सगळे ठेवले की खाली जंगल होतं आणि त्या दमट सावलीत केवडा माजतो. वेलाच्या अंगावर बारीक आकडेवजा कडक केस असतात, हात ओरबाडतात आणि काहींना पुरळही येतो. पेटीत हातमोजे घालायला हवे होते.

घडीपत्रिकेतल्या दोन गोष्टी सरळ खोट्या ठरतात. पहिली, ‘पहिल्याच हंगामात भरघोस शंकू’. पहिल्या वर्षी वेल मूळ बांधतो. आले तर मूठभर शंकू येतात आणि भर तिसऱ्या वर्षी येतो. तेव्हा जमिनीतल्या एका निरोगी वेलापासून वाळलेले अर्धा ते एक किलो शंकू मिळू शकतात. दुसरी, ‘रोज भरपूर पाणी’. मोठा वेल पाणी ओढतो हे खरं, पण पहिल्या वर्षी मुळं तोकडी असतात आणि चिखलात ती कुजतात. वाफसा राखावा, तळं करू नये. खताचंही तेच. नत्र वाढीच्या काळात द्यावं, कळ्या दिसू लागल्या की हात आखडावा. नत्राने लुसलुशीत झालेल्या वेलावर मावा सगळ्यात आधी येतो.

रोगांबद्दल पत्रिका एका ओळीत ‘कीड आल्यास फवारणी करा’ म्हणते. निदान एवढं तरी ओळखता यायला हवं. वसंतात जमिनीतून खुरटा, फिकट, पानं खाली वळलेला कोंब आला तर तो केवडा, लगेच बुडातून काढायचा. पानांवर पांढरी पूड म्हणजे भुरी. उष्ण कोरड्या हवेत पानं तांबूस, ठिपकेदार दिसली तर पान उलटून बघा, बारीक जाळं असेल तर लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूला मारला की सुरुवातीचा कोळी आणि मावा दोन्ही बरेच धुतले जातात. वेल डोक्यावर गेला की तळाची दोन-तीन फुटांतली पानं काढून टाका. मातीवरून उडणाऱ्या पाण्याबरोबर वर चढणारे रोग त्याने अडतात.

आणि एक गोष्ट कुठल्याच पेटीवर नसते: अक्षांश. हॉप्स प्रामुख्याने ३५ ते ५५ अंशांच्या पट्ट्यात पिकतात, कारण त्यांना वाढीसाठी उन्हाळ्यातला लांब दिवस हवा आणि दिवस आखूड होऊ लागला की ते फुलतात. विषुववृत्ताकडे सरकलं की दिवस पुरेसा लांब होतच नाही. वेल कमरेइतका असतानाच फुलतो आणि थांबतो. दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज या शहराच्या परिसरात यासाठी शेतात दिवे लावून दिवस लांबवावा लागे, नंतर तिथल्या दिवसमानाला जुळणारे वाण तयार झाले. छोट्या बागेत संध्याकाळी एलईडी लावून वाढीच्या काळात प्रकाश सोळा तासांपर्यंत नेला तर हाच उपाय घरीही करता येतो. तेवढी तयारी नसेल तर कमी अक्षांशावर संच घेऊ नये.

काढणीचं चित्र पत्रिकेत छान आहे, कसोटी मात्र नाही. तयार शंकू दाबला की कागदासारखा चुरचुरतो आणि सोडल्यावर पुन्हा फुगतो. आतली लुप्युलिनची, म्हणजे कडूपणा आणि सुगंध ज्यात असतो ती पूड गडद पिवळी झालेली असते. हिरवा आणि मऊ असेल तर आठवडाभर थांबावं. नक्की खात्री हवी असेल तर १०० ग्रॅम ओले शंकू पूर्ण कोरडे करून वजन करा. २० ते २३ ग्रॅम उरले तर वेळ झाली. हाच आकडा वाळवतानाही कामी येतो. २२ ग्रॅम उरले असतील आणि शंकूंत ८ टक्के ओलावा ठेवायचा असेल, तर २२ ला ०.९२ ने भागा, म्हणजे १०० ग्रॅमचे साधारण २४ ग्रॅम झाले की थांबायचं. जाळीवर पातळ थर, अंधार आणि खेळती हवा. यंत्रात वाळवत असाल तर ६० अंश सेल्सिअसच्या आतच, ५० च्या आसपास उत्तम. पाकळ्या आधी वाळतात आणि फसवतात. मधला देठ वाकवून पाहा, तो कटकन मोडला पाहिजे. देठ ओला राहिला तर पिशवीत बुरशी धरते.

काही महागड्या संचांत साठवणीसाठी साधी झिप पिशवी देतात. तिच्यातून हवा आरपार जाते. हॉप्स ऑक्सिडाइज झाले की चीजसारखा खवट वास सुटतो. निर्वात पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि वरती वाण, साल व वजन लिहा.

घरच्या हॉप्सचं अल्फा प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, आणि हा फरक लहान नाही. २० लिटर वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) ३० ग्रॅम कॅस्केड तासभर उकळलं आणि २५ टक्के वापर (म्हणजे अल्फाचा जेवढा वाटा कडूपणात उतरतो तो) धरला, तर ४.५ टक्के अल्फाला सुमारे १७ आयबीयू (कडूपणाचं एकक) येतात आणि ७ टक्क्यांना २६. म्हणून कडूपणासाठी आकडा छापलेले विकतचे हॉप्स घालावेत, घरचे शेवटच्या दहा मिनिटांत किंवा ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थेट आंबणाऱ्या बीअरमध्ये. ओलेच वापरायचे तर वाळलेल्याच्या पाच-सहा पट वजन घ्या आणि तोडल्यापासून चोवीस तासांत भांड्यात जाऊ द्या. उकळलेले हॉप्स कंपोस्टमध्ये टाकताना झाकून टाका. कुत्र्याने ते खाल्ले तर ताप झपाट्याने चढून त्याच्या जिवावर बेतू शकतं. एवढी सूचनाही पेटीवर नसते.

काढणीनंतर वेल लगेच बुडापासून कापू नका, उरलेली पानं मुळाला अन्न पाठवत असतात. थंडीने वाळला की मग कापा. पुढच्या वसंतात मुळाभोवती हातभर अंतरावर फावड्याने गोल काप घेतला की बाहेर पळणारे धुमारे तुटून हातात येतात. त्यांतले डोळेवाले तुकडे निवडले की पुढचं बेणं विकत घ्यावं लागत नाही.