बिलातील दहा टक्के: इंदूरमधील एका बार-रेस्टॉरंटचा काही महिन्यांचा अनुभव

विजयनगर भागातील ज्या बार-रेस्टॉरंटमध्ये मी गेल्या पावसाळ्यापासून मित्रांसह नियमित जातो, त्याविषयी लिहिण्याचे निमित्त तेथील तंदूर नसून बिलाच्या तळाशी छापलेली ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ ही ओळ आहे. जेवणाबद्दल तक्रार नाही. पनीर टिक्का कोरडा पडत नाही, बिअर थंड असते आणि मसाला शेंगदाण्यांतील कांदा ताजा चिरलेला असतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले होते की हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही आणि ते देणे न देणे सर्वस्वी ग्राहकाच्या इच्छेवर राहील. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. आमच्या बिलात मात्र खाद्यपदार्थ आणि मद्य यांच्या एकत्रित रकमेवर दहा टक्के लावून त्या दहा टक्क्यांवरही पुन्हा ५ टक्के जीएसटी आकारला जात असे. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट लागतो; म्हणजे जो कर बिअरला लागूच नाही, तो या शुल्काच्या आडून तिच्यापर्यंत पोहोचत होता. रक्कम किरकोळ होती, हे मला मान्य आहे. परंतु किरकोळ म्हणून सोडून देण्याची आमच्या घरची रीत नाही.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उच्चारताच व्यवस्थापकांनी शुल्क वगळून नवे बिल आणले. त्यांच्या या तत्परतेनेच मी अधिक चिडलो, कारण शेजारच्या टेबलावरील कुटुंबाने तेच शुल्क निमूटपणे भरले होते. जो वाद घालील त्यालाच सूट, हा कसला व्यवहार?

त्यानंतर हिवाळाभर आम्ही सराफ्यात जात राहिलो. सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे थाटल्या जाणाऱ्या त्या बाजारात दर आधी कळतो, मग पदार्थ हाती येतो. कुरकुरीत तळून जिरावन मसाला आणि लिंबू मारलेले गराडू नावाचे कंद, दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, एवढ्यावर रात्र निभते. पण तेथे निवांत बसायला जागा नाही, आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या आमच्यातील ज्येष्ठ मित्रांना गर्दीत उभे राहून खाणे झेपेना. (बिअरचा प्रश्न होता तो वेगळाच.)

होळीनंतर विजयनगरला परतलो, तेव्हा बिलातील ती ओळ नाहीशी झाली होती आणि नव्या मेनूकार्डावर जवळजवळ प्रत्येक पदार्थ महागला होता. एकूण खर्च पूर्वीइतकाच येतो, असे मित्राने तेथल्या तेथे हिशेब मांडून दाखवले. तरीही माझा राग बराचसा ओसरला आहे, कारण छापील किंमत वाचून शेंगदाणे मागवायचे की नाही, हे मला ठरवता येते. शिवाय जुन्या शुल्कातील किती वाटा मिळत असे, असे वाढप्याला विचारले असता, ग्राहक हातात देतो तेवढेच आपले, असे तो म्हणाला. तेव्हापासून मी बक्षिसी रोखीने त्याच्याच हाती देतो. दहा टक्के नव्हे, पण देतो.

साधे पाणी मागितले तरी टेबलावर आधी बाटलीच येते आणि तिची किंमत नव्या कार्डावरही छापलेली नाही. पुढच्या खेपेस तो विषय काढणार आहे.