कोल्हापुरीचा जीआय: दहा रुपयांत नाव मिळतं, नमुना नाही

सेवा: भौगोलिक निर्देशन नोंदणी कार्यालय, चेन्नई. कुणासाठी: कोल्हापुरी चप्पल बनवणारे कारागीर. गुण: पाचपैकी तीन.

कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक निर्देशन (ठराविक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण), मिळाला म्हणून बनवणारा प्रत्येक जण आपोआप हक्कदार झाला, हा मोठा गैरसमज आहे. नोंदवहीच्या 'अ' भागात मालक म्हणून दोन सरकारी महामंडळं आहेत: महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. कारागिराचं नाव 'ब' भागात, 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळं चढवावं लागतं. हद्द आठ जिल्ह्यांची: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. पुण्या-मुंबईत बसून शिवलेली चप्पल कितीही अस्सल असली तरी यात बसत नाही.

अर्ज फॉर्म जीआय-3 वर करायचा. 2020 च्या दुरुस्तीने शुल्क 500 वरून 10 रुपयांवर आलं. ही या सेवेची सगळ्यात चांगली बाजू. आता नोटरीलाच त्याहून जास्त जातात. सोबत निवेदन आणि प्रतिज्ञापत्र लागतं. निवेदनात 'पिढीजात धंदा' एवढंच लिहून भागवू नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हाताने वळलेली वेणी, चामड्याच्या वादीची शिलाई, काम कुठल्या गावात चालतं, हे सगळं स्पष्ट लिहा. मालक महामंडळाचं संमतिपत्र जोडा. ते मिळत नसेल तर अर्जाची प्रत महामंडळाला द्या आणि ती पोचल्याचं कार्यालयाला कळवा. संमतीवाचून अर्ज अडतोच असं नाही.

मुदतीचा हिशेब नीट बघा. नोंदणी दहा वर्षांची, पण मूळ जीआयची मुदत आधी संपली तर तुमचीही तिथेच संपते. त्यात जीआयची दहा वर्षं मोजतात ती अर्जाच्या तारखेपासून. कोल्हापुरीचा अर्ज 2009 चा आणि निकाल लागायला जवळजवळ दशक गेलं, म्हणजे पहिली मुदत बरीचशी वाट बघण्यातच सरली.

दोन गुण कापले ते पुढच्या गोष्टींसाठी. कायद्यात 'उत्पादक' या शब्दात त्या मालाचा व्यापार करणाराही येतो. म्हणजे आरी धरणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकाच रांगेत. नकली मालावर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे खरा, पण झडतीआधी पोलिसांना जीआय निबंधकाचं मत घ्यावं लागतं आणि झडती उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायची. तोवर माल बाजारातून कधीच उठलेला असतो.

मुख्य उणीव मात्र जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवून उघडी पाडली. संरक्षण 'कोल्हापुरी' या नावाला आहे, घाटाला म्हणजे चपलेच्या आकार-रचनेला नाही. आणि तिथे ते नाव लावलंच नव्हतं. त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत फेटाळली: दाद मागायची तर जीआयच्या नोंदणीकृत मालकाने यावं, तिऱ्हाईताने नव्हे. शिवाय इथली नोंदणी युरोपात चालत नाही. तिकडे हस्तकलेच्या जीआयसाठी वेगळा कायदा डिसेंबर 2025 पासून लागू झाला आहे. तिथे अर्ज करण्याचा तगादा कारागीर संघटनांनी महामंडळांकडे लावायला हवा.

तरीही दहा रुपयांचा फॉर्म भराच. कायद्याने अधिकृत वापरकर्त्यालाही दाद मागण्याचा हक्क दिलाय, म्हणजे दरवेळी महामंडळाच्या तोंडाकडे बघायला नको. आपल्या पेढीच्या नावाचा ट्रेडमार्क वेगळा घ्या, कारण जीआय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. कापशी या पारंपरिक प्रकारासारख्या जुन्या घाटावर डिझाइन नोंदणी मिळणार नाही. त्यासाठी नमुना नवा लागतो. पण वेणीची किंवा पट्ट्याची नवी रचना केली असेल तर ती व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा प्रदर्शनात झळकवण्याआधी डिझाइनचा अर्ज टाका. व्यक्तीसाठी शुल्क 1,000 रुपये. आधी दाखवलीत तर नवेपणा गेला आणि नोंदणीही गेली.