माचू पिचू: ट्रेनने जावं की व्हॅनने?
पेरूतल्या कुस्को शहरावरून माचू पिचूला, म्हणजे डोंगरावरच्या इंकांच्या जुन्या शहराला, थेट बस नाहीच मुळात, रस्ता पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावापर्यंतही पोचत नाही, त्यामुळे ट्रेकिंग सोडलं तर दोनच मार्ग लोक जास्त वापरतात. एक म्हणजे शेअर व्हॅनने ओयांताइताम्बो गाव, साधारण दोन तास, आणि तिथून पुढे आग्वास कालिएंतेसपर्यंत ट्रेन, दीड-पावणेदोन तास. महाग आहे पण आरामात जाता येतं. शिवाय ओयांताइताम्बोतच इंका लोकांचे दगडी टप्पे आणि किल्ला आहे, तो बघायला अर्धा दिवस तरी ठेवाच, घाईत सोडू नका प्लीज!

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे व्हॅनने हिद्रोएलेक्त्रिका, म्हणजे जलविद्युत केंद्राजवळचा थांबा. सहा-सात तास, वाटेत 4,300 मीटरवरचा आब्रा मालागा घाट लागतो, वळणं इतकी की गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, आणि उतरल्यावर रुळांच्या कडेने आग्वास कालिएंतेसपर्यंत दहा-अकरा किमी चालायचं, अडीच-तीन तास. चाल सपाट आहे, नदी सोबत असते, मला तर हाच भाग जास्त आवडेल. पण नोव्हेंबर ते मार्च पावसात दरडी कोसळतात तेव्हा हा मार्ग नकोच.

कुठूनही आलात तरी आग्वास कालिएंतेसहून वर माचू पिचूला जायला मिनीबस आहे, अर्धा तास, नाहीतर पायऱ्या. तिकिटावर एंट्रीची वेळ असते, म्हणून हिद्रोएलेक्त्रिकामार्गे व्हॅनने येणाऱ्यांनी आदल्या दिवशी पोचून गावात मुक्काम करावा. आणि पासपोर्ट ओरिजिनल सोबत ठेवा.